मावशी का येत नाही

गेल्या रविवारी सांगलीत आमच्या वहिनीचं डोहाळेजेवण झालं. तिकडे दुपारचे दोन, इथे ब्रिस्बेनला संध्याकाळचे साडेसहा. भावानं फोन फ्लॉवरपॉटला टेकवून ठेवला होता. त्यामुळे तासभर मला जे दिसलं ते म्हणजे झोपाळ्याचा एक दोर, वहिनीचा डावा कान, त्यातलं मोगऱ्याचं कर्णफूल आणि मधूनमधून कुणाच्या तरी पैठणीचा पदर. वाट्यांखाली पेढा-बर्फी झाकली, बर्फी निघाली, सगळ्या ओरडल्या. ताई दिसली नाही. मला वाटलं फोनच तसा ठेवलाय.

सोमवारी ग्रुपवर उलगडा झाला. काकूंनी लिहिलं होतं, "घरचं कार्य आणि सख्खी नणंद तासाभरावर असून येत नाही. आमच्या वेळी असं नव्हतं." खाली हात जोडल्याची तीन चित्रं. मग एका मावसबहिणीचं, "मन मोठं लागतं त्याला." आणि मग एका आत्यांचं, ज्या एरवी फक्त सुविचार पाठवतात, "नाही आली तेच बरं. शुभकार्यात नजर लागायला नको."

माझी ताई इचलकरंजीला असते. लग्नाला सोळा वर्षं झाली. मूल नाही. ग्रुपवर तीही आहे. हे सगळं तिच्याही फोनवर वाजलं असणार.

मी तेव्हा ट्रेनमध्ये होते, साउथ ब्रिस्बेन स्टेशन जात होतं. काय लिहावं ते सुचेना, लिहिलेलं तीनदा पुसलं. घरी आले, मुलांना डबे रिकामे करायला लावले, टीव्ही लावला आणि 'ब्लूई'चा एक भाग पुन्हा पाहिला. 'वनसीज' नावाचा, तिसऱ्या सीझनमधला. पाहून झाल्यावर त्याची लिंक ग्रुपवर टाकली. सोबत एकच ओळ लिहिली, "सात मिनिटं आहेत, सगळ्यांनी बघा."

आता वाटतं, चार खडे शब्द लिहिले असते तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरी लहान मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 'ब्लूई' हे कुत्र्यांच्या कुटुंबाचं कार्टून आहे. बॅन्डिट बाप, चिली आई, ब्लूई आणि बिंगो या दोन मुली. जो ब्रमनं ते रचलं आणि ते इथे ब्रिस्बेनमध्येच बनतं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरू झालं. त्यातली घरं, व्हरांडे, कचऱ्यात चोची घालणारे 'बिन चिकन' म्हणजे आयबिस पक्षी, सगळं आमच्या गल्लीतलं. आम्ही इथे आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं, पण पुढे टीव्हीवरचं हे घर मात्र रोज ओळखीचं वाटायला लागलं.

'वनसीज'मध्ये चिलीची बहीण ब्रॅन्डी घरी येते. कित्येक वर्षांनी. मुलींना ती जवळजवळ अनोळखी. येताना ती दोघींसाठी अंगभर घालायचे चेन लावलेले प्राण्यांचे पोशाख आणते, एक झेब्र्याचा, एक चित्त्याचा. ब्लूईला चित्ता व्हायचं असतं, पण तो बिंगोच्या अंगावर जातो. बिंगो त्यात शिरते आणि खरोखरच चित्ता होते. बोलत नाही, चावते, घरभर धुमाकूळ घालते. ही सगळी गंमत चालू असताना ब्लूई आईला विचारते, की ही मावशी आपल्याकडे का येत नाही. चिली तिला ब्लूईच्याच झेब्र्या-चित्त्याचा दाखला देते. तुला चित्ता हवा होता आणि नाही मिळाला, तसंच मावशीला एक गोष्ट सगळ्यात जास्त हवी आहे आणि ती तिला मिळणार नाही. मग आपण काय करू शकतो, असं ब्लूई विचारते. काहीच नाही, आई सांगते.

ती गोष्ट म्हणजे बाळ, असं संपूर्ण भागात कुणी एकदाही म्हणत नाही. एवढ्याशा पोराला पडलेल्या प्रश्नाला कुणी 'तू लहान आहेस' म्हणत नाही, कुणी देवाचं नाव घेत नाही, कुणी डॉक्टरचा नंबर देत नाही. ब्रॅन्डीचा आवाज रोझ बर्न या नटीनं दिलाय. दारात उभं राहून ती जी पहिली दोन वाक्यं बोलते, त्यात इतकं अवघडलेपण आहे की मी दर वेळी टीव्हीचा आवाज उगाच कमी करते.

याच मालिकेत आणखी एका भागात मुली आईबाबांचं नाटक करतात. बिंगो पोटाशी फुगा धरून गरोदर आई झालेली असते आणि फुगा फुटतो. प्रेक्षकांत बसलेला बॅन्डिट न बोलता बायकोचा हात धरतो. बस, इतकंच. तीन सेकंद. मुलांना कळतही नाही.

आमच्याकडे ताईच्या बाबतीत काय काय झालं त्याची यादी मला तोंडपाठ आहे. पहिल्या वर्षी "गुड न्यूज कधी?" तिसऱ्या वर्षी कोल्हापूरला अंबाबाईची ओटी. मग त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, तीन दिवस, पांढरं लुगडं नेसून. मग गाणगापूर. मग पुण्यात टेस्ट ट्यूबच्या तीन सायकल, त्यासाठी तिनं पाटल्या मोडल्या. इथे ऑस्ट्रेलियात मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेतून त्यातले थोडेफार पैसे परत मिळतात, तिकडे सगळा खर्च पदरचा. इथलं असं पहिलं बाळ मेलबर्नला १९८० साली झालं. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी १९८६ साली ते शास्त्रीय नोंदींसह करून दाखवलं. फरक सहा वर्षांचा. म्हणजे दवाखान्यात आपण कुणाच्या फार मागे नाही. ओटीचं ताट कुणाच्या हातात द्यायचं, यात किती मागे आहोत ते आत्यांना विचारायला हवं.

हे वाक्य मी ग्रुपवर लिहिणार होते. बरं झालं नाही लिहिलं, कारण तोवर भावाचा वेगळा मेसेज आला. "तू तिकडे बसून कुत्र्यांच्या कार्टूनवरून आम्हाला शहाणपण शिकवणार का? इथे कार्य कोणी केलं? आईला दर आठवड्याला डायबेटिसच्या डॉक्टरकडे कोण नेतं?"

नेतो तोच. त्यात वाद नाही.

पण मला राग आला होता आणि रागात माणूस जवळचं सापडेल ते फेकतं. मी त्याला लिहिलं की इथे कुणी कुणाच्या पोटाकडे बघत नाही. आमच्या टीममध्ये एक बाई आहे, पंचेचाळिशीची, मूल नाही. तिला आजवर कुणी का म्हणून विचारलेलं नाही. दुसऱ्या कुणाच्या बेबी शॉवरला ती आली तर आली, नाही आली तर कार्डावर सही करते. कुणाची नजर लागत नाही, कुणाचं मन छोटं ठरत नाही.

हे सगळं खरं आहे. पण मी त्याला उरलेलं सांगितलं नाही. गेल्या सप्टेंबरात 'आर यू ओके डे' होता, म्हणजे एकमेकांना 'बरी आहेस ना' असं विचारायचा दिवस. ऑफिसच्या किचनमध्ये पिवळे कपकेक ठेवले होते. त्या दिवशी तीच बाई लिफ्टमध्ये मला म्हणाली, की इतकी वर्षं झाली, एकानं तरी विचारायला हवं होतं असं कधी कधी वाटतं. मी म्हटलं, "ओह." मग आमचा मजला आला. आमच्याकडे सगळे विचारतात, इथे कुणीच नाही. दोन्हीकडे मी लिफ्टमध्येच.

आणि खरं सांगायचं तर 'ब्लूई'नंसुद्धा मला शेवटी दगा दिला. २०२४च्या एप्रिलमध्ये 'द साइन' नावाचा अठ्ठावीस मिनिटांचा मोठा भाग आला, घर विकण्याचा, लग्नाचा. त्यात ब्रॅन्डी येते ती पोट घेऊन. जिच्यासाठी आपण काहीच करू शकत नाही असं आईनं मुलीला इतकं नीट सांगितलं होतं, तिला दोन वर्षांत दिवस गेले! इथल्या आयांना हुंदके आवरेनात, मला मात्र वैताग आला. हे तर आपल्या सिरियलवाल्यांनीही केलं असतं, शेवटच्या आठवड्यात नवस फळतो तसं. ज्यांना दिवस जात नाहीत त्यांनी आता काय करायचं, पुढच्या सीझनची वाट बघायची? माझी एक मैत्रीण म्हणाली, अगं मुलांचं कार्टून आहे, आनंदी नको का शेवट. नको. मला 'काहीच नाही' हेच हवं होतं, कारण ते ताईचं होतं.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले, ते.

२०१५ साली माझं डोहाळेजेवण झालं, सांगलीतच, त्याच हॉलमध्ये, त्याच झोपाळ्यावर. आम्ही तेव्हा पुण्यात होतो, व्हिसा यायचा होता. माझ्या अंगावरचे फुलांचे दागिने, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे ताईनं आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून ओवले होते. तिच्या बोटांना सुया टोचल्या होत्या. ओटी भरायची वेळ आली तेव्हा खण-नारळाचं ताट तिच्याच हातात होतं, कारण सगळी तयारी तिनंच केली होती. काकू पुढे झाल्या आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तू राहू दे गं, दमलीस रात्रभर. पहिली ओटी मामींना भरू दे, लेकुरवाळ्या आहेत त्या."

ताईनं ताट दिलं. "हो, मी पानं घेते तोवर," असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही.

मी झोपाळ्यावर बसले होते. माझ्या कानांवर मोगरा होता, कापूस नव्हता. मी 'ताईच भरेल' एवढे दोन शब्द म्हणू शकले असते. त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझा शब्द कुणी मोडला नसता, पोटुशीचा कोण मोडतो? मी फोटोसाठी मान वळवली. तो फोटो इथे फ्रिजवर आहे.

त्यानंतर चार महिन्यांनी आम्ही इकडे आलो. मी जगाला सांगते की करिअरसाठी, मुलीच्या भवितव्यासाठी, हवेसाठी. त्यात थोडं हेही होतं की तिथून निघालं की रोज रोज ताईच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार नव्हता. सहा हजार मैल लांब गेल्यावर माणसाला फोनवर फार प्रेमळ होता येतं.

दोन बहिणींना आपल्याकडे एकही सण नाही. भाऊबीजेला, राखीला भाऊ लागतो. नागपंचमीला माहेरी यायचं तेही भावाच्या नावानं. दोन बहिणी एकमेकींना कधी ओवाळत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा तरी समोर बसायचं असा नियमच नाही. मग राहतंच.

सोमवारी रात्री तो भाग मी एकटी पाहत नव्हते. मुलगी शेजारी होती, दहा वर्षांची. 'ब्लूई' आता बेबीश आहे असं म्हणत म्हणत डोळे न हलवता पाहत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "इज ब्रॅन्डी लाइक अवर मावशी?"

मी म्हटलं, हो, थोडीशी.

ती जरा थांबली. "बट मावशी डझन्ट नॉट कम. वी डोन्ट गो."

सहा वर्षं झाली मला जाऊन. आधी कोविड, मग पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मग धाकट्याची शाळा, मग तिकिटं महाग, मग कशाला कारण लागतच नाही. जाईन तेव्हा सिंगापूरला विमान बदलून, बॅगेत सगळ्यांच्या मापाचे कपडे घेऊन जाईन, आणि भावाच्या होणाऱ्या लेकीला मी कोण ते कुणीतरी सांगावं लागेल. चित्त्याचा की झेब्र्याचा, तेवढं विमानतळावर ठरवायचं.

ग्रुपवर त्या लिंकला कुणी उत्तर दिलं नाही. मंगळवारी सकाळी काकूंनी सूर्योदयाचं चित्र टाकलं आणि सगळं त्याखाली गेलं.

ताईचा फोन बुधवारी आला. मला वाटलं डोहाळेजेवणाबद्दल असेल. ती आधी हवामान बोलली, मग आईचे पाय सुजतात ते बोलली, मग गिरणीवाल्यानं बाजरी कशी जाडी दळून दिली ते. शेवटी म्हणाली, "तू पाठवलेलं ते बघितलं गं मी. दोनदा."

मी गप्प.

"ती धाकटी चावते ते फार छान केलंय," ती म्हणाली. हसली. मग म्हणाली, "पुढे काय होतं गं त्या बहिणीचं? तिला होतं का नंतर?"

मागे ओव्हन वाजत होता. मी म्हटलं, "माहीत नाही ताई, पुढचं नाही पाहिलं मी अजून."