खारीच्या पिल्लाला उताणं धरून दूध पाजू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "खारीचं पिल्लू सापडलं? घरच्या घरी असं वाचवा." मजकूर थोडक्यात असा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला परत घेत नाही, म्हणून सरळ घरी आणा. कोमट पाण्याने आंघोळ घाला. भुकेने मरायच्या आत तान्ह्या बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने गाईचं दूध पाजा, पोट टम्म होईपर्यंत. मलूल वाटलं तर ब्रँडीचा एक थेंब द्या. जुलाब झाले तर पोट साफ होतंय असं समजा. डोळे उघडले की दाणे, सुकामेवा सुरू करा आणि झाडावर सोडून द्या. शेवटी, एक जीव वाचेल, पुढे पाठवा.

माझ्या भाचीने हे मनापासून वाचलं आणि तसंच केलं. तिने मला फोन केला तेव्हा पिल्लाच्या नाकपुड्यांतून दुधाचे बुडबुडे येत होते. दोष तिचा अजिबात नाही. रात्रीच्या वेळी हातात एक गार पडलेला जीव असताना माणूस समोर येईल तो आधार धरतो. माझा राग आहे तो माहिती नसताना इतक्या खात्रीने लिहिणाऱ्यावर. अशी पिल्लं वाढवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून हा मेसेज एकेक मुद्दा घेऊन खोडून काढते. क्रम मात्र माझा, कारण त्यातली एक सूचना बाकी सगळ्यांपेक्षा घातक आहे.

ती म्हणजे उताणं धरून दूध पाजणं. खारीचं पिल्लू आईचं दूध पालथं पडून, पोटावर राहून पितं. त्याला उताणं केलं की तोंडात आलेलं दूध थेट घशाच्या मागे जातं आणि तिथून श्वासनलिकेत उतरायला वेळ लागत नाही. त्यात ड्रॉपर. त्याचा रबरी फुगा जरा जास्त दाबला गेला की एका दमात इतकं दूध येतं, की एवढ्याशा तोंडाला ते आवरत नाही. शिवाय भुकेलेलं पिल्लू अधाशासारखं ओढतं, स्वतःहून थांबत नाही. दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि या वयात तो फार झपाट्याने वाढतो. अशा पिल्लाला कानाजवळ धरलं तर प्रत्येक श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू येते. बरगड्या आत ओढल्या जातात, मान वर करून तोंडाने श्वास घ्यायची धडपड चालते. तो आवाज एकदा ऐकलेल्या माणसाच्या हातून ही सूचना पुढे पाठवली जाणार नाही.

पाजायची पद्धत अशी. 1 मिलीची, सुई काढलेली सिरिंज घ्या. मोठी नको, कारण तिच्यातून येणारी धार हातात राहत नाही. पिल्लाला मऊ कापडात गुंडाळून उभं किंवा पालथं धरा, डोकं किंचित पुढे झुकलेलं असू द्या. थेंब ओठांवर टेकवा, ते चाटू दे, गिळू दे, मग पुढचा थेंब. नाकातून दूध आलंच तर तिथल्या तिथे थांबा, डोकं खाली झुकवा, नाक टिपा आणि श्वास पूर्ण शांत होईपर्यंत काहीही पाजू नका. पुढच्या एकदोन दिवसांत ती टिकटिक सुरू झाली तर घरगुती उपाय संपले, पशुवैद्यच लागतो.

पोट टम्म होईपर्यंत पाजा, हेही तितकंच चुकीचं. पिल्लू सांभाळणारी माणसं वजनाच्या साधारण 5 टक्के हा अंदाज धरतात. 40 ग्रॅमचं पिल्लू असेल तर एका वेळी 2 मिली, बस. त्यासाठी वजन करावं लागतं, तेही रोज, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. वजन वाढतंय की घटतंय यावरूनच खरं काय ते कळतं. नुसत्या डोळ्यांना आजारी पिल्लू बराच वेळ फक्त झोपाळू वाटतं.

आता गाईचं दूध. रॉबर्ट जेनेस आणि रॉबर्ट स्लोन यांनी 1970 साली निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या दुधाचा एक आढावा प्रसिद्ध केला. तो आजही आधाराला घेतला जातो. त्यात करड्या खारीच्या (ही उत्तर अमेरिकेतली जात) दुधात सुमारे 25 टक्के स्निग्धांश, 7 टक्क्यांहून थोडी जास्त प्रथिनं आणि 4 टक्क्यांहून कमी लॅक्टोज दिलं आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश 4 टक्क्यांच्या आसपास, प्रथिनं साडेतीनच्या आत आणि लॅक्टोज मात्र जवळपास 5 टक्के. खारींच्या जातींप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण तफावत केवढी आहे ते बघा. पिल्लाला हवा तो स्निग्धांशच यात पुरेसा नाही, आणि पचायला जड ती साखर जास्त. मग पोट फुगतं, जुलाब लागतात, आणि पोटभर पिऊनही पिल्लू वाळत जातं. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर यापेक्षा कितीतरी जवळची आहे, म्हणून जाणकार तीच वापरतात. काहीच हाताशी नाही अशा वेळी एखादी रात्र शेळीच्या दुधावर निभावली असं सांगणारे आहेत, आणि मी त्यांना खोटं म्हणणार नाही. पण ती तात्पुरती सोय झाली. तो आहार नव्हे.

आणि मुळात दूध ही पहिली गोष्टच नाही. मेसेजमध्ये "भुकेने मरायच्या आत" असं म्हटलंय. घरट्यातून पडलेलं उघडं पिल्लू भुकेच्या कितीतरी आधी गारठ्याने मरतं. अंग गार असताना त्याची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. त्यात दूध ओतलं की ते पचत नाही, आत पडून नासतं. आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम मोडायचा नाही. ऊब म्हणजे कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली किंवा अगदी मंद हीटिंग पॅड, तोही खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. अंथरायला जुना टी-शर्ट चांगला. टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. पिल्लू हाताला नीट कोमट लागेपर्यंत तोंडात काहीही नाही.

मग पाणी. खांद्यामागची कातडी चिमटीत हलकेच उचलून सोडा. ती लगेच खाली न बसता तशीच उभी राहिली तर शरीरातलं पाणी कमी झालंय. अशा वेळी बिनस्वादाचं ओआरएस कोमट करून थेंबाथेंबाने द्यायचं. मेसेजमध्ये कुठेतरी "साखर-मिठाचं पाणीही चालेल" अशी एक ओळ आहे. तेवढी ओळ अर्धी बरोबर आहे हे मान्य करावं लागेल, कारण दुधाच्या आधी क्षार आणि पाणी हवंच. पण प्रमाण न सांगता लिहिलेली ती ओळ धोक्याचीच. मीठ जास्त झालं तर एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. तयार ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवा.

आंघोळ नको. ओलं पिल्लू मिनिटांत गार पडतं. पिसवा दिसल्या तर पिल्लू उबदार झाल्यावर बारीक फणीने किंवा चिमट्याने काढा. अंगावर माश्यांच्या अंड्यांचे पिवळसर पांढरे पुंजके असतील तर ते कोरड्या ब्रशने, कान, नाक, जखमा, सगळीकडून काढावेच लागतात, कारण त्यांतून अळ्या निघतात. ब्रँडीबद्दल काय बोलायचं! दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. गारठलेल्या 40 ग्रॅमच्या जिवाला दारू पाजणं ही निव्वळ क्रूरता आहे.

जुलाब म्हणजे पोट साफ होणं, हेही साफ खोटं. एवढ्या पिल्लाच्या शरीरात पाणी असून असून किती असणार? जुलाब लागले की दूध बंद, फक्त ओआरएस, आणि थांबले नाहीत तर पशुवैद्य. माणसांच्या औषधाची गोळी चुरून देऊ नका. त्या वजनाचा डोस घरी मोजता येत नाही. आणि एक गोष्ट त्या अख्ख्या मेसेजमध्ये नाही, जिच्यावाचून बंद डोळ्यांचं पिल्लू जगत नाही. त्याला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आपल्याला प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापसाने खालचा भाग हळुवार पुसावा लागतो. हे कुणी सांगितलं नाही तर दूध बरोबर, ऊब बरोबर, आणि तरीही पोट तटतटून पिल्लू दगावतं.

माणसाचा वास लागला की आई टाकते, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. खार आपलं पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. तिची बहुधा एकाहून जास्त घरटी असतात. पिल्लू ऊबदार असेल, जखम नसेल, तरतरीत असेल तर त्याला उघड्या खोक्यात गरम बाटलीसह त्याच झाडाशी ठेवा, कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा आणि दिवसाउजेडी काही तास लांबून बघा. अंधार पडल्यावर ती येत नाही, तेव्हा रात्री पिल्लू आत घ्यायचं. आजारी, गार किंवा जखमी पिल्लाला मात्र हे लागू नाही. विशेषतः मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी मांजराच्या तोंडातले जंतू आत गेलेले असतात, आणि वेळेवर अँटिबायोटिक मिळालं नाही तर ते वाचणं कठीण. तिथे वाट बघू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव उपचार केंद्रात न्या. बऱ्याच ठिकाणी वन्यप्राणी घरात ठेवायला कायद्याने मनाई असते, त्यामुळे आधी फोन केलेला बरा.

राहिलं दाणे आणि झाडावर सोडणं. दाण्यांत आणि बियांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाला हेच खायला घालत राहिलं की हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय ओढायला लागतात, साध्या उडीत हाड मोडतं. आणि डोळे उघडणं म्हणजे मोठं होणं नव्हे. करड्या खारीच्या पिल्लाचे डोळे चारपाच आठवड्यांनी उघडतात, दूध सुटायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. मधल्या काळात ते नुकतं धडपडत चढायला शिकत असतं. दूध पूर्ण सुटल्यावरही त्याला आधी बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात, ऊन-वारा, फांद्या, इतर खारींचे आवाज यांची सवय होऊ देतात. मग एक दिवस दार उघडं ठेवतात आणि पुढचे काही आठवडे तिथे खाणं-पाणी ठेवत राहतात.