‘आजारी पिल्लं विकली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू पूर्ण वाचला, फोटो पण झूम करून नीट बघितला. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून मँटिसची (पुढचे पाय जोडून बसणाऱ्या शिकारी कीटकाची) तीन पिल्लं नेली, आठवडाभरात एक गायब झालं, एक मेलं, तिसऱ्याने आधी खाणं सोडलं आणि मग सकाळी डब्याच्या तळाशी वाकड्या पायांनी पडलेलं सापडलं, म्हणजे आम्ही आजारी पिल्लं विकली, तर पैसे परत द्या. हौसेने घरी आणलेल्या जिवाचं असं झालं की राग येणारच. पण पिल्लं आजारी नव्हती, आणि हे सविस्तर लिहितोय कारण जे एक पिल्लू जिवंत उरलंय ते अजून सुधारू शकतं.

फोटोत तळाशी जे पांढुरकं, आरपार दिसणारं पडलंय, ज्याला तुम्ही मेलेलं पिल्लू म्हणताय, ती कात आहे. मानेमागे पाठीवर उभी चीर गेलीये बघा, आत काहीच नाही, पोकळ. ती उरलेल्या पिल्लाचीच आहे. बाकीची दोन कुठे गेली म्हणाल तर कोपऱ्यात जे काडीसारखे बारीक तुकडे दिसतायत ते त्यांचे पाय आहेत. खाल्ली गेली ती.

आम्ही तिन्ही वेगवेगळ्या कपात दिलेली, तुम्हीच लिहिलंय की एकटी बिचारी वाटली म्हणून एकत्र सोडली. त्यामागची माया कळते हो, पण मँटिसला सोबत लागत नाही. एका अंडीकोषातून जातीनुसार काही डझन ते दोनेकशे पिल्लं निघतात, बाहेर झाडावर ती पांगतात, डब्यात पांगणार कुठे, मग समोर हललं आणि आपल्याएवढं किंवा लहान असलं की झडप, सख्खं भावंड असलं तरी.

आता खाणं सोडल्याचं. कात टाकायच्या आधी मँटिस खात नाही, लहान पिल्लं एखादा दिवस, मोठी झाली की कितीतरी दिवस. पोट फुगलेलं आहे, हालचाल मंद आहे, उलटं लटकून बसलंय आणि माशी जवळ आली तर मागे सरकतंय, तर ते उपाशी नाही, तयारीत आहे. अशा वेळी डब्यातलं खाद्य काढून घ्यायचं असतं. तुम्ही काळजीपोटी उलट जास्त माश्या टाकल्या आणि वर एक रातकिडा सोडला, आणि रातकिडा तर कात टाकणाऱ्या मँटिसला चक्क कुरतडू शकतो, कारण त्या वेळी त्याला ना पळता येतं ना मारता येतं.

आणि तुमचा डबा बसका आहे, मला वाटतं खरं नुकसान तिथेच झालं. पिल्लू छताला पायांनी धरून उलटं लटकतं आणि जुन्या कातडीतून खाली सरकत सरकत बाहेर येतं, म्हणजे त्याच्या खाली स्वतःच्या लांबीइतकी तरी मोकळी जागा पाहिजेच. आम्ही डब्याची उंची लांबीच्या किमान तिप्पट आणि रुंदी दुप्पट ठेवायला सांगतो ते याचसाठी. निम्मं बाहेर आलं आणि तळाला टेकलं, किंवा गुळगुळीत झाकणावरून पकड सुटून पडलं, की ओले मऊ पाय आहेत तसे वाकडे होऊन कडक होतात. हे बघवत नाही, मला माहितीये.

म्हणून आता एवढं करा. उंच बरणी घ्या, तोंडाला जाळीचं कापड ताणून बांधा म्हणजे हवाही खेळेल आणि पकडायलाही मिळेल, आत एक खडबडीत काडी तिरकी ठेवा. रोज एका बाजूला हलकं पाणी फवारा, ते थेंब पितं, पाण्याची वाटी नको, बुडतं, आणि हवा फार कोरडी असली की कात अंगाला चिकटते. अंग कडक व्हायला वेळ द्या, दुसऱ्या दिवसानंतर न उडणाऱ्या फळमाश्या एक-दोनच सोडा. पुढचे पकडायचे पाय वाकडे असतील तर मेलेली माशी चिमट्याने तोंडाशी धरा, बरीचशी घेतात. आणि महत्त्वाचं म्हणजे अजून त्याच्या बऱ्याच काती बाकी आहेत, दर कातीला पाय थोडे सरळ होऊ शकतात, तुटलेला पाय पण हळूहळू परत येतो, फक्त पंख फुटतात त्या शेवटच्या कातीनंतर काही सुधारत नाही.

पैसे परत देणार नाही, कारण पिल्लं धडधाकट दिली होती. नवीन पिल्लं पण आत्ताच देणार नाही, याची पुढची कात नीट पार पडू दे, मग बोलू. रिव्ह्यू काढायची गरज नाही, राहू दे, एकत्र ठेवायचा विचार करणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बरणी तयार झाली की बाजूने काढलेला फोटो पाठवा, उंची पुरते का बघून लगेच सांगतो.