साक्षीदार न पाहता निकाल कसा फिरतो? नानांना उत्तर

राम राम, नाना.

तुमचं म्हणणं असं : तुमच्या तालुक्यातल्या खून खटल्यात जळगावच्या सत्र न्यायालयाने साक्षीदार समोर उभे करून जन्मठेप दिली, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी एकाचंही तोंड न पाहता, नुसते कागद वाचून आरोपी सोडला. मग खालच्या कोर्टाने इतकी वर्षं केलं काय?

तुमचा राग मला कळतो, पण निष्कर्ष पटत नाही. त्या कागदांत शपथेवरची सगळी साक्ष असते : सरतपास (साक्षीदाराची त्याच्याच बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, पंचनामे, डॉक्टरांचा अहवाल. अपिलात खटला पुन्हा चालत नाही. पण शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलात उच्च न्यायालयाला तो पुरावा स्वतः नव्याने तोलावाच लागतो. आरोपीचा वकील गैरहजर असला तरी रेकॉर्ड न बघता अपील फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बनी सिंग प्रकरणात बजावलं आहे.

साक्षीदार पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला मान असतोच. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, १९३४ मध्येच ते सांगितलं. पण समजा, यावलकडे केळीच्या बागेत रात्री खून झाला. साक्षीदार कोर्टात खणखणीत सांगतो, 'मी ह्यालाच पाहिलं.' पोलिसांपुढच्या जबाबात मात्र हे नाव नाही, आणि पंचनाम्यात उजेडाची नोंद नाही. ही तफावत त्याच्या चेहऱ्यावर दिसणार नाही, कागदावरच सापडेल. शिवाय कित्येकदा साक्ष नोंदवणाऱ्या न्यायाधीशांची बदली होते आणि निकाल दुसरेच देतात. कायदा तशी मुभा देतो. तेव्हा निकाल देणाऱ्याने सगळे साक्षीदार पाहिलेच, असं धरून चालता येत नाही.

'मग सरकारने सुटकेविरुद्ध अपील केलं की तेही इतक्याच सहज मान्य व्हावं', हे तुमचं वाक्य मला मुळीच मान्य नाही. पुरावा नव्याने तपासायचा अधिकार तिथेही पूर्ण आहे. पण आरोपी आधीच निर्दोष धरलेला असतो आणि सुटकेने ते गृहीतक आणखी घट्ट होतं. पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष वाजवीपणे निघत असतील तर सुटका मोडायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या चंद्रप्पा प्रकरणात २००७ साली ठरलं. हा झुकता काटा मला न्याय्य वाटतो, कारण तुरुंगात वर्षं घालवायला तोच माणूस आत जातो. सरकारचं तसं काही जात नाही.

मेलेल्याच्या घरच्यांना मात्र कोणी काही सांगत नाही, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. सत्र न्यायालयाने आरोपी सोडला तर ३१ डिसेंबर २००९ पासून त्यांना स्वतः अपील करता येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यासाठी कोर्टाची परवानगीही लागत नाही. इथे सुटका उच्च न्यायालयाने केली आहे, म्हणून वाट वेगळी : घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी मागायची. मुदत ९० दिवसांची. त्या घरच्यांशी तुमचं येणंजाणं असेल तर, नाना, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आत्ताच काढायला सांगा.