हिंदीविरोध केला म्हणून द्रमुक सत्तेत आला? अर्धंच खरं

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि राज्य सरकारला आपले शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तेव्हापासून एक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतोय, कधी नुसता मजकूर, कधी अण्णादुराईंच्या फोटोसकट. मजकूर साधारण असा: ‘द्रमुकचा जन्मच हिंदीविरोधातून झाला. राजाजींनी हिंदी लादली, पेरियार आणि अण्णादुराईंनी मिळून ती हाकलली. १९६५ ला तमिळ पोरांनी रक्त सांडलं आणि १९६७ ला काँग्रेस कायमची गेली. मराठी माणसाने एवढं केलं तरी सत्ता आपोआप येईल.’

पहिलीपासूनच्या सक्तीला माझाही विरोधच होता, म्हणजे मेसेज तसा आपल्याच बाजूचा. पण त्यातला इतिहास कच्चा आहे, आणि त्याच्या जोरावर दिलेला सल्ला त्याहून कच्चा. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

‘द्रमुकचा जन्मच हिंदीविरोधातून झाला.’ नाही. हिंदीविरोध द्रमुकपेक्षा वयाने मोठा आहे. मद्रास प्रांतात राजाजींच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये काही शाळांत हिंदी सक्तीची केली, त्यावर आंदोलन झालं, नटराजन आणि थालमुत्तू हे दोघे १९३९ मध्ये तुरुंगवासात असताना वारले, आणि १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली. द्रमुक तेव्हा कुठेच नव्हता. तो निघाला १७ सप्टेंबर १९४९ ला, मद्रासच्या रॉबिन्सन पार्कात, भर पावसात. कारणं सगळी घरातली होती. स्वातंत्र्याचा दिवस पेरियारांनी दुखवट्याचा मानला, अण्णादुराईंना, म्हणजे अण्णांना, ते पटलं नाही. निवडणुका लढवायच्या की नाहीत यावरही दोघांचं जुळेना. आणि १९४९ च्या जुलैत पेरियारांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या मणिअम्मैंशी लग्न केलं. संघटनेचा वारसा त्यांच्याकडे जाणार हे दिसताच पेरियारांची ही संघटना, द्रविडर कळघम, फुटली. बाहेर पडलेल्यांनी नव्या पक्षात अध्यक्षपद रिकामंच ठेवलं, ते पेरियारांसाठी. अण्णा सरचिटणीस झाले. करुणानिधी अध्यक्ष होईपर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंत, ती खुर्ची तशीच रिकामी होती.

‘राजाजींनी लादली, पेरियार-अण्णांनी मिळून हाकलली.’ १९३८ पुरतं हे चालेल. पण मेसेज त्याच दमात १९६७ ला पोचतो, आणि तोवर सगळ्यांनी जागा बदललेल्या होत्या. ज्या राजाजींनी हिंदी आणली ते १९६७ मध्ये स्वतंत्र पक्ष घेऊन अण्णादुराईंच्या शेजारी बसले होते, आता तेही हिंदीच्या विरोधात होते. आणि पेरियार? ते कामराजांच्या मागे, म्हणजे काँग्रेसच्या बाजूने उभे होते. १९६५ च्या विद्यार्थी आंदोलनावर तर त्यांनी कडाडून टीका केली होती. हिंदीविरोधाचा मूळपुरुष एका बाजूला, हिंदी आणणारा दुसऱ्या बाजूला, आणि जिंकली हिंदी आणणाऱ्याची बाजू! निकालानंतर अण्णा तिरुचीला जाऊन पेरियारांना भेटले आणि आपलं सरकार त्यांना अर्पण केलं, हा त्यांचा मोठेपणा. मतं मात्र त्यांनी गुरूच्या विरोधात मागितली होती.

आता मुख्य वाक्य. ‘१९६५ ला रक्त सांडलं, १९६७ ला सत्ता आली.’

रक्त सांडलं हे खरंच. चिन्नसामी यांनी १९६४ मध्येच, आणि शिवलिंगम, अरंगनाथन यांनी १९६५ मध्ये स्वतःला पेटवून घेतलं, अण्णामलै विद्यापीठात राजेंद्रन हा विद्यार्थी गोळीबारात गेला. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन यांनी केंद्रात राजीनामे दिले, शास्त्रींना रेडिओवर येऊन इंग्रजी चालू राहील असं आश्वासन द्यावं लागलं. विरुदुनगरला खुद्द कामराज हरले, तेही पी. श्रीनिवासन नावाच्या विद्यार्थी नेत्याकडून, १,२८५ मतांनी. भाषेचा परिणाम झालाच नाही असं म्हणणारा माणूस हे आकडे पाहून गप्प बसेल.

पण आणखी काही आकडे आहेत, आणि ते मेसेजवाल्यांनी बघितलेले दिसत नाहीत. १९६७ च्या विधानसभेत काँग्रेसला मतं मिळाली ४१.१० टक्के. द्रमुकला ४०.६९. होय, काँग्रेसला जास्त! जागा मात्र काँग्रेसच्या ५१ आणि द्रमुकच्या १३७. आता काँग्रेस जवळपास सगळ्या जागा लढत होती आणि द्रमुक १७४ च, त्यामुळे ही तुलना थेट लावता येत नाही, हे मान्य. तरी १९६२ शी ताडून बघा. तेव्हा काँग्रेसला ४६.१४ टक्के मतं आणि १३९ जागा होत्या. रक्त सांडल्यानंतरही काँग्रेसची मतं घटली ती पाच टक्क्यांनी. लाट म्हणतात ती अशी नसते. एवढ्या घसरणीत जागा निम्म्याहूनही खाली आल्या कारण विरोधी मतं या वेळी फुटली नाहीत. अण्णांनी स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी, मुस्लिम लीग, प्रजा समाजवादी, मा. पो. शिवज्ञानम यांचा तमिळ अरसु कळघम, अशी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी एका मांडवात आणली. राजाजी आणि कम्युनिस्ट एकत्र! त्यासाठी स्वतःच्या पक्षाच्या साठ जागा सोडल्या. आपल्याकडे जागावाटपाच्या बैठकीत एका मतदारसंघावरून चार दिवस रुसवे चालतात ते आठवा, म्हणजे हे काम केवढं होतं ते कळेल.

आणि तांदूळ. १९६५-६६ चे दुष्काळ, रेशनच्या रांगा, चढे भाव. द्रमुकने घोषणा दिली, रुपयाला तीन पडी तांदूळ. पडी म्हणजे आपल्या शेर-पायलीसारखं तिकडचं माप. प्रचारात पोरं विचारत फिरायची, ‘भक्तवत्सलम अण्णाची (म्हणजे दादा), तांदळाच्या भावाचं काय झालं?’ भक्तवत्सलम म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री. लक्षात घ्या, ही घोषणा हिंदीबद्दल नाही. सत्तेत आल्यावर तीन पडी काही जमलं नाही, मद्रास आणि कोईमतूरमध्ये एक पडी सुरू झालं, आणि ‘तीन पडी ध्येय, एक पडी निश्चित’ असं म्हणून वेळ मारून नेली. त्यात भर म्हणजे मतदानाच्या महिनाभर आधी, १२ जानेवारीला, द्रमुकचे सिनेस्टार एमजीआर यांच्यावर नट एम. आर. राधा यांनी गोळी झाडली. गळ्याला बँडेज बांधलेल्या एमजीआरचं पोस्टर गावोगाव लागलं. परंगिमलैला ते इस्पितळात पडल्या पडल्या निवडून आले.

‘काँग्रेस कायमची गेली’ हे बरोबर. तिथे त्यानंतर काँग्रेसचा मुख्यमंत्री झालेला नाही.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसऱ्या गटातून एक उलटा मेसेज येतो: द्रमुक हा मुळात फुटीर आणि घराणेशाहीचा पक्ष. तोही थोडक्यात उरकतो. द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेच्या वेगळ्या देशाची, मागणी होती, अण्णांनी १९६२ मध्ये राज्यसभेत ती उघड मांडली. त्याच वर्षी चीनने हल्ला केल्यावर त्यांनी प्रचार थांबवला, आणि फुटीर प्रचाराला आळा घालणारी १९६३ ची सोळावी घटनादुरुस्ती आल्यावर मागणी रीतसर सोडली. कायद्याच्या धाकाने सोडली का? बऱ्याच अंशी, होय. पण तेलुगू, कन्नड, मल्याळी मुलखात तिला कधी कुत्रं विचारत नव्हतं, हेही तितकंच खरं. घराणेशाही आज आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मात्र पक्षाचे पाच प्रमुख होते अण्णा, संपत, नेडुंचेळियन, मदियळगन आणि एन. व्ही. नटराजन. करुणानिधी त्या पाचांत नव्हते. आणि पेरियारांचा सख्खा पुतण्या असलेले संपत १९६१ मध्ये पक्ष सोडून गेले.

राहिलं शेवटचं, ‘सत्ता आपोआप येईल’. मला खरा राग याच वाक्याचा आहे. १९४९ ते १९६७ ही अठरा वर्षं. पहिली सार्वत्रिक निवडणूक पक्षाने लढवलीच नाही. १९५७ ला १५ आमदार. १९५९ ला मद्रास महापालिकेत सर्वांत मोठा पक्ष. १९६२ ला ५० आमदार, पण त्या वेळी कामराजांनी आधीच्या पंधरांवर डूक धरून मोर्चेबांधणी केली आणि त्यातले चौदा पडले, कांचीपुरमला स्वतः अण्णासुद्धा. टिकले ते एकटे करुणानिधी, तंजावरला. या सगळ्या काळात गावोगावी पक्षाची वाचनालयं चालू होती. चहाच्या टपरीत, न्हाव्याच्या दुकानात एकजण पेपर मोठ्याने वाचायचा आणि अक्षरओळख नसलेले दहाजण ऐकायचे. अण्णांची साप्ताहिकं, करुणानिधींची ‘मुरसोली’, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभा. सिनेमा यात होताच, पण टपरीवर पेपर वाचणारा पोरगा नसता तर पडद्यावरचा संवाद बूथपर्यंत पोचला नसता.

पैशांचंही तेच. निवडणुकीआधी विरुगंबाक्कमला पक्षाचं अधिवेशन भरलं. करुणानिधींवर दहा लाख रुपये जमवायची जबाबदारी होती, त्यांनी अकरा लाख आणून दिले. अण्णा व्यासपीठावरून उमेदवारांची यादी वाचत होते. सैदापेटचं नाव आलं तेव्हा त्यांनी उमेदवाराचं नाव घेतलंच नाही. ‘सैदापेट, अकरा लाख रुपये’ एवढंच म्हणाले, आणि मंडपातल्या सगळ्यांना उमेदवार कोण ते कळलं.