‘डोळ्यांवरची झापड’ आणि सरासरीचे गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे माणसाची आयुर्मर्यादा फार पुढे सरकणार नाही, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘आपल्या माघारी जग अधिक काळ जगेल, ही कल्पना निवृत्त मंडळींना सहन होत नाही’ असे लिहून आपण मुद्दा सोडलात आणि माझ्या हेतूंवर घसरलात. माझ्या लेखात कोणाबद्दलही अनादराचा एक शब्द नाही. तो कृपया पुन्हा वाचावा. या वेळी शेवटपर्यंत.

एक चूक मान्य करतो. उंदरांचे आयुष्य वाढवणारे रॅपामायसिन हे औषध त्यांना तरुण वयापासून दिले गेले, असे मी लिहिले होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ते ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाला लागलेल्या उंदरांना दिले होते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. त्याने निष्कर्षाला बाध येत नाही.

आता आपले मुख्य वाक्य. ‘१९०० साली जगाचे सरासरी आयुर्मान ३२ होते, आज ते ७३ आहे, ही गती पाहूनही आपली नातवंडे दीडशे वर्षे जगणार हे ज्याला दिसत नाही, त्याच्या डोळ्यांवर झापड असली पाहिजे.’ आकडे ढोबळमानाने ठीक आहेत. अर्थ मात्र आपण चुकीचा लावला आहे, आणि तोही दुसऱ्याला आंधळा ठरवून.

दहा मुले जन्माला आली, त्यांतली चार जन्मतःच दगावली आणि उरलेली सहा सत्तर वर्षे जगली, तर सरासरी आयुर्मान ४२ निघते. पुढच्या पिढीत दहाही मुले जगली आणि सत्तराव्या वर्षी गेली, तर सरासरी ७० होते. कोणीही पूर्वीच्या वृद्धांपेक्षा एक दिवसही जास्त जगलेले नाही, तरी सरासरी २८ वर्षांनी वाढली. गेल्या शतकातील वाढीचा मोठा भाग असाच आला : स्वच्छ पाणी, लसीकरण, सुरक्षित बाळंतपण, प्रतिजैविके, आणि १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झालेला देवीचा रोग. वाचलेले मूल दुसऱ्यांदा वाचवता येत नाही. म्हणून ती गती पुढे तशीच ओढून दीडशेवर नेता येत नाही.

आयुर्विम्याच्या गणिती विभागात मी सत्तावीस वर्षे काढली आहेत. मृत्युसारणी, म्हणजे कोणत्या वयात किती माणसे दगावतात याचा तक्ता, हे मला कोणी प्रतिक्रियेतून शिकवावे अशी वेळ अद्याप आलेली नाही. ब्रिटिश गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली मांडलेला नियम मी रोज हाताळत होतो : प्रौढपणी मृत्यूची जोखीम साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. औषधांनी या चढणीची सुरुवात खाली आणली. तिचा चढ फारसा मोडलेला नाही. अतिवृद्धांत जोखीम वाढायची थांबते, असे इटलीतील १०५ वर्षांवरील व्यक्तींच्या २०१८ सालच्या अभ्यासात दिसले, हे आपण आवर्जून सांगता. परंतु ती थांबते कुठे, तर वर्षाला सुमारे निम्म्यावर. १०५ वर्षांची ३२,७६८ माणसे घ्या आणि दरवर्षी निम्मी वजा करा. १२० व्या वाढदिवशी एकच उरते. नोंदीनुसार सर्वाधिक जगलेल्या जान काल्माँ १९९७ साली १२२ व्या वर्षी गेल्या, आणि त्यानंतर कोणी वयाची १२० वर्षे पूर्ण केल्याची खात्रीशीर नोंद नाही. एवढ्या वर्षांत औषधे काय कमी निघाली?

माझे वडील ८१ व्या वर्षी कर्करोगातून पूर्ण बरे झाले. ८५ व्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या झडपेवर यशस्वी उपचार झाले. ८८ व्या वर्षी त्यांनी न्यूमोनियावरही मात केली, आणि एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले, तेव्हा डॉक्टरांना एका रोगाचे नाव सांगता आले नाही. सगळी इंद्रिये एकत्रच थकत गेली होती. कर्करोग समूळ नाहीसा झाला तरी प्रगत देशांत सरासरी आयुर्मान तीनेक वर्षांनीच वाढेल, हे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे गणित मला त्या खाटेपाशी बसून नीट कळले. त्या तीन वर्षांचे मोल मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच लोकांनी जास्त जगू नये असे मला वाटते, हा आपला आरोप मी सहज विसरणार नाही.

जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी शोधलेल्या, पेशींचे वय मागे नेणाऱ्या घटकांविषयी आणि १९९३ साली जनुकबदलाने दुप्पट जगलेल्या कृमींविषयी आपण बरेच लिहिले आहे. कृमी म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसाचे आयुष्य यांपैकी कशाने लांबल्याचा पुरावा आज नाही. त्यामुळे त्यात मी शिरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिच्छेदात विधाने आहेत, युक्तिवाद नाही.

निवृत्तांविषयीचे ते वाक्य आपण मागे घेतलेत, तर उंदरांवरच्या प्रयोगाबद्दल पुढे बोलायची माझी तयारी आहे.