मागचं कापड कुणी खाल्लं?

"पावनं, मागनं उगडं हाय."

सुरूर फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर, भर गर्दीत, हे वाक्य कानावर पडल्यावर माणसाचा हात आपोआप मागे जातो. माझाही गेला. जीन्स शाबूत होती, शिलाई जागच्या जागी होती, पण हात मागे गेल्याचं सगळ्या टपरीनं पाहिलं होतं. गेल्या रविवारची ही गोष्ट. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी घातले होते चॅप्स. ह्यूस्टनच्या मामेभावानं पाठवलेले, अस्सल चामड्याचे, चांगले दोन किलोचे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. कमरेला पट्टा, त्याला जोडलेल्या चामड्याच्या दोन नळ्या, मांडीपासून घोट्यापर्यंत बाहेरच्या बाजूनं चेन. जीन्सवरून चढवायचं, पोचल्यावर मिनिटभरात काढून ठेवायचं. मध्ये, म्हणजे माणूस जिथे बसतो तिथे, काही नाही. ते तसंच असतं. मेक्सिको-टेक्ससकडचे गुराखी काटेरी झुडपांतून घोडे घालून गुरं हाकायचे, तेव्हा मांड्या सोलवटू नयेत म्हणून काढलेली ही युक्ती. खोगिरावर टेकलेल्या भागाला काटे कुठून लागणार? तिथलं चामडं वाचवलं. पुढे घोडा गेला, मोटरसायकल आली आणि वाचवलेलं चामडं वाचलेलंच राहिलं.

हे सगळं मी त्या आबांना नीट सांगू शकलो असतो. त्यांनी बोलू दिलं असतं तर.

आबा सत्तरीच्या पुढचे. धोतर, टोपी, तळहातावर तंबाखू. खंबाटकी उतरताना पावसानं झोडपल्यामुळे मी आधीच ठिबकत होतो. त्यांनी माझ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, पाठीमागे जरा जास्तच रेंगाळले आणि निकाल दिला.

"शिंप्यानं फशिवलं तुमास्नी. मागचं कापड खाल्लं."

"आबा, ते असंच असतं."

"आसं कसं आसंल? आमच्या हितला शिंपीबी खातो. पन खिशाचं खातो, नेफ्याचं खातो. ह्यानं बूडच खाल्लं की!"

टपरीवाल्या मावशींनी पदर तोंडाला लावला. मी चहाकडे लक्ष असल्याचं दाखवलं.

"टेबललँडाला घोडी हायती व्हय तुमची?"

"नाही. मी बँकेत ऑडिटर आहे."

"बरं, बरं," आबा म्हणाले. हे 'बरं, बरं' घोडा मेलेल्या माणसाशी बोलताना काढतात त्या आवाजातलं होतं. आणि मला खरा राग आला तो याचा, की इतिहासाच्या दृष्टीनं म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. ही वस्तू घोडेवाल्याचीच. आयुष्यात एक वेस्टर्न सिनेमा न पाहता त्यांनी ते दहा सेकंदांत ओळखलं, आणि माझ्या ऑफिसातल्या शिकलेल्या मंडळींनी विचारलं होतं, "वेल्डिंगचा क्लास लावलास का रे?"

मग आबांनी चामडं तपासायला घेतलं. तंबाखू तोंडात टाकून हात धोतराला पुसला आणि माझ्या मांडीवरचं चामडं चिमटीत धरलं. चामड्यासकट मलाही धरलं. वाकून वास घेतला. चारचौघांत एक परका माणूस आपल्या मांडीचा वास घेतो आहे आणि आपण हातात कटिंग धरून उभे आहोत, हा अनुभव शत्रूलाही येऊ नये.

"म्हशीचं न्हाय ह्ये."

"अमेरिकेचं आहे."

"गाव न्हाय इचारलं. जनावर कंचं?"

टपरी एकदम शांत झाली. पाच-सात जणांचे कान माझ्याकडे. मावशींची किटली हवेतच थांबली. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते त्या क्षणी महाराष्ट्रात मोठ्यानं देण्यासारखं नव्हतं.

"चांगल्या जनावराचं," मी म्हणालो.

आबांना ते पटलं. तिथून ते मोटेवर गेले. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून पुढे गेले की चामड्याची मोट पाण्यानं भरून वर यायची. ते कातडं कसं असायचं, एरंडेल चोळून त्याला कसं मऊ राखायचं, राखलं नाही तर कसं कडक होऊन चिरायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. मोट गेली आणि इंजिन आलं, मग वीज आली, आता वीजही नसते, इथपर्यंत विषय पोचला. मला वाटलं, सुटलो. चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला.

"पन मंग ह्ये घालायचं कशापायी?"

"आबा, गाडीवरून पडलो तर पाय सोलवटू नयेत म्हणून."

"आन मानूस पडतो कशावर?"

या प्रश्नावर टपरीत जी चर्चा झाली तिला परिसंवादच म्हटलं पाहिजे. टेम्पोवाला म्हणाला, खांद्यावर. एका पोरानं बाही सारून कोपराचा वण दाखवला. दुसरा म्हणाला, मी तर थेट तोंडावर पडलोय, आणि पुरावा म्हणून हसून दाखवलं. समोरचे दोन नव्हते. आबांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. "म्या बैलगाडीतनं पडलोय, आंब्यावरनं पडलोय, माळ्यावरनं पडलोय. दर येळंला बुडावर."

आता यात खोट कशी काढणार? पावसात वळणावर चाक निसटलं की गाडी एका अंगावर झोपते आणि आपण कुल्ल्याच्या बाजूवर घासत जातो. गुडघा, खुबा आणि त्यामागचा तो प्रदेश. चॅप्समध्ये यातलं काय झाकलेलं असतं? गुडघा, तोही नुसत्या चामड्यानं. चामडं घासायला डेनिमपेक्षा कितीतरी चिवट, हे खरं. साधी जीन्स डांबरावर बघता बघता फाटते. पण घासणं वेगळं आणि आदळणं वेगळं. मी हे समजावून सांगण्याच्या भरात नको तिथे शिरलो. म्हटलं, आबा, गुडघ्याला खरं तर पॅड लागतो. त्याचं युरोपात मानक आहे, ईएन 1621-1. पॅडवर 50 ज्यूलचा दणका मारतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत आला तर लेव्हल 1, 20 पर्यंत आला तर लेव्हल 2.

"क्विंटलमंदी सांगा."

मी मनात भागाकार केला. पस्तीस किलोन्यूटन म्हणजे जवळपास छत्तीस क्विंटल.

"म्हंजी दोन गाड्या ऊस," आबा म्हणाले, "आन चांगल्या पॅडात एकच गाडी. आसंच ना?"

"अगदी बरोबर."

"आन ह्या तुमच्या चामड्यात त्यो पॅड हाय?"

"नाही."

"मंग ऊस सगळाच गुडग्यावर," आबा म्हणाले आणि पिंक टाकली.

एवढ्यावर भागलं असतं. पण जाता जाता त्यांनी भाव विचारला. बेंदूर तोंडावर आलाय, बैलांच्या घागरमाळेला चार पट्टे निघतील, अडीचशे देतो, म्हणाले. भावानं डॉलर मोजून घेतलेल्या वस्तूला अडीचशे! मी नाही म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मनानं वर एक चहा देऊ केला.

आबांचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळ्या खात्यावर. खरी तिडीक गेली ती बाजूच्या तिघांमुळे. एकाच गाडीवर तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, पायात स्लिपर, आणि चालवणारा हाफ पँटमध्ये. हे तिघं मोबाइल काढून माझं चित्रण करत खिदळत होते. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांतली 44 टक्क्यांवर दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं अशी 50,029. आणि हसू कुणाचं येतं? ज्यानं काहीतरी घातलंय त्याचं. आपल्याकडे उघडा माणूस नॉर्मल आणि झाकलेला माणूस जोकर. पडल्यावर मात्र हीच मंडळी गोल करून उभी राहतात आणि म्हणतात, पोरगं चांगलं होतं हो.

पुण्यात तर विचारूच नका. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती असलेलं शहर आहे हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ड खाली हेल्मेट नसलं तर 1000 रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, पण पुणेकर तो दंड विचारस्वातंत्र्याची वर्गणी समजून भरतो. त्याच शहरात उन्हानं काळं पडू नये म्हणून स्कूटरवर स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, सनकोट आणि पायांभोवती गुंडाळायचा झगा एवढा जामानिमा करून बायका निघतात, आणि त्यांना कुणी हसत नाही. माझी बायको त्यांतलीच. ऊन लागू नये म्हणून इतकं, डांबर लागू नये म्हणून काहीच नाही. हे मी तिला एकदा बोललो. पुन्हा बोलणार नाही.

आणि मामेभाऊ? त्याच्या टेक्ससात एकविसाव्या वर्षानंतर प्रशिक्षण झालेलं असेल किंवा आरोग्य विमा असेल तर हेल्मेट घालायची सक्तीच नाही. साहेब पायांना चामडं बांधतात आणि टक्कल वाऱ्यावर सोडतात. स्टर्जिसच्या मेळ्यातला फोटो पाठवला होता. 1938 पासून ऑगस्टमध्ये साउथ डकोटात मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते. फोटोत याच्यासारखे शेकडो. कोरडी हवा, सरळ रस्ता, संध्याकाळी बोचरा वारा. तिथे चॅप्सला अर्थ आहे. वारा अडतो, इंजिनाची धग पोटऱ्यांना लागत नाही, ट्रकनं उडवलेला खडा झेपतो. मी म्हणतो, तिथे घाला की! पसरणीच्या घाटात, धुक्यात, मुसळधार पावसात, ते चामडं पाणी पिऊन भलतंच जड होतं. वाईच्या पुढे तर मला गिअर टाकायला पाय उचलवेना. मेमध्ये घालावं तर पाय शिजतात. जून ते सप्टेंबर भिजतात. उरतात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा, आणि त्या पहाटे मी झोपलेला असतो. त्यापेक्षा सरळ जाळीची रायडिंग पँट घ्यावी, गुडघ्याला आणि खुब्याला लेव्हल 2 चे पॅड असलेली, ईएन 17092 मध्ये (रायडिंगच्या कपड्यांचं युरोपी मानक) निदान डबल ए दर्जा मिळालेली, आणि बूड असलेली. किंमत ऐकून हीच माणसं विचारतात, एवढ्यात चार जीन्स आल्या असत्या की! आल्या असत्या. चारही फाटल्या असत्या.

घरी आल्यावर नवा उपद्व्याप. भिजलेलं चामडं उन्हात टाकायचं नसतं, कडक होतं. हीटरसमोर तर मुळीच नाही. सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळवायचं आणि मग तेल चोळायचं. जुलैत पुण्यात वारा आहे, सावली तर चोवीस तास आहे, पण वाळत काही नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर हिरवट बुरशी धरली. वास असा की बायकोनं चॅप्सना बेडरूमच्या बाल्कनीतून पुढच्या बाल्कनीत हद्दपार केलं, आणि पुढची बाल्कनी सोसायटीच्या गेटसमोर येते.

काल रात्री सेक्रेटरींचा व्हॉट्सॲपवर निरोप. "सभासदांनी दर्शनी भागात मागून उघडी असलेली चामडी वस्त्रे वाळत घालू नयेत. इमारतीत लहान मुले आहेत." नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, पण खाली माझ्या बाल्कनीचा फोटो. मी लगेच लिहिलं की हे मोटरसायकल चालवताना घालायचं सुरक्षेचं साधन आहे आणि ते आत जीन्स घालूनच वापरतात. त्यावर ए विंगमधल्या एका काकांनी विचारलं, "मग जीन्स कुठे आहे?" जीन्स सोमवारीच वाळली होती आणि मी ती घालून बसलो होतो. तसं लिहिलं. सोळा जणांनी हसरे चेहरे टाकले. सोळांतल्या अकरा जणांना रोज सकाळी बिनहेल्मेटचं गेटबाहेर पडताना मी पाहतो. नावांसकट यादी करून ठेवली आहे, आणि येत्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' यात वाचणार आहे.