दोन बोल्टचं काम

ओहायोत बेसमेंटवालं घर घेतलं की आपल्या लोकांना एकतर होम थिएटरचा नाद लागतो नाहीतर सुतारकामाचा, मला दुसरा लागला कारण 100 डॉलरला एक जुनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून ब्लेड वर येणारी करवत, मिळाली. ऐंशीच्या दशकातली, बीडाचं जड टेबल, मोटर ठणठणीत. फक्त फेन्स, म्हणजे जिला टेकवून फळी उभी चिरायची ती पट्टी, ती कुणाचंच ऐकायची नाही. पुढून लॉक केली की मागचं टोक हळूच ब्लेडकडे सरकणार. आणि तसं झालं की फळी मध्येच आवळली जाते आणि ब्लेड ती उलटी आपल्यावर फेकतं, याला किकबॅक म्हणतात, त्यात इतक्या जुन्या मशीनला रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडमागे चिरलेली फट आवळू न देणारी पाती, नाही, म्हणजे नेम थेट आपल्या पोटावर. म्हणून दर कटला पुढे मोज, मागे मोज, ठोक, परत मोज. आमच्या पत्रिका यापेक्षा लवकर जुळल्या होत्या.

तेव्हा सासरे साताऱ्याहून आलेले. म्हणाले, "जावईबापू, आमचा सुतार एवढ्यात दार बसवून चहा पिऊन गेला असता."

गणपती जवळ आले होते, मखर मी कबूल करून बसलेलो, मग नवी फेन्स मागवली. टी-स्क्वेअरवाली, अ‍ॅरिझोनाच्या बिल बीसमायरने गाजवलेली पद्धत, फक्त टेबलच्या पुढच्या कडेच्या रेलला पकडते आणि पकडताना स्वतःच काटकोनात येते. किंमत मशीनच्या तिप्पट, घरात "दुरुस्ती" एवढंच सांगितलं. बहुतेक सगळ्या मशीनला बसते असं छापलेलं, त्या बहुतेकांत आमचं मशीन नव्हतं. रेलची भोकं एकीकडे, टेबलची भलतीकडे. बीडाला हात लावायचा नाही असं ठरलं, मग रेलच्या लोखंडी अँगललाच नवीन भोकं पाडायची. मी ड्रिल धरून, सासरे शेजारी तेलाची बाटली घेऊन, "हळू फिरव, जोर दे, बिट जाळशील!" रेल माइटर स्लॉटच्या, म्हणजे आडवे कट द्यायचं गेज जिच्यातून सरकतं त्या टेबलवरच्या खाचेच्या, खाली राहिली पाहिजे नाहीतर गेजची पट्टी अडेल हेही त्यांनीच आधी ओळखलं, आयुष्यभर एलआयसीत नोकरी केलेला माणूस!

फेन्स बसली, स्लॉटला अगदी समांतर. आणि आता ब्लेडच तिरकं दिसायला लागलं. इतकी वर्षं ते तसंच असणार, पण फेन्सच वाकडी असल्यावर कळणार कुणाला? मग टेबलाखाली भुश्शात आडवं पडून ट्रनियनचे, म्हणजे ब्लेड धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचे, बोल्ट ढिले करा, लाकडी हातोडीने टकटक करा, वरून सासऱ्यांचा आवाज, "अर्धं सूत इकडे! जास्त झालं!"

मखर झालं, झकास झालं. पण सासऱ्यांना काटकोन तपासायच्या गुण्याचं वेड लागलं, घरातली एकही चौकट त्यांच्या मते काटकोनात नाही आणि ते माझ्या बायकोला रोज पुराव्यासकट दाखवतात. ती माझ्याकडे बघते. जुनी फेन्स ते गिलाव्याला पट्टी म्हणून साताऱ्याला नेणार आहेत, काल रात्री चेक-इन बॅगेचा कर्ण मोजत बसले होते, वजनाचं काय विचारलं तर म्हणाले तुझ्या सासूच्या साड्या तू पार्सलने पाठव.